पासवर्ड बरोबर आहे तरी कोडमधून झिप उघडत नाहीये, नेमकं काय बघू?

उंबरठा

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले एकाच जागी अडकलेय, म्हणून शेवटी इथे विचारते. आमच्या ॲप्लिकेशनमध्ये वेगवेगळ्या ठिकाणांहून पासवर्ड लावलेल्या झिप फाइल्स येतात. रात्री एक जॉब चालतो, तो एकेक झिप उघडतो, आतली सीएसव्ही वाचतो आणि डेटाबेसमध्ये भरतो. शिवाय एक स्क्रीन आहे, तिथे माणूस स्वतः झिप अपलोड करतो आणि पासवर्ड टाइप करतो. सगळं पायथॉनमध्ये आहे, सोबत येणारं झिपफाइल मॉड्यूलच वापरलंय, वेगळी लायब्ररी टाकलेली नाही. मी स्वतः झिप बनवून टेस्ट केलं तेव्हा सुरळीत चाललं होतं, त्यामुळे मी निर्धास्त होते, आणि खऱ्या फाइल्स यायला लागल्या तशी रांगच लागली.

एका ठिकाणच्या सगळ्या फाइल्सना ‘नॉट इम्प्लिमेंटेड’ असा एरर येतो, म्हणतो ही कॉम्प्रेशन पद्धत चालत नाही. आता झिप म्हणजे झिप, त्यात वेगळी पद्धत कुठून आली? दुसऱ्या एका फाइलला ‘बॅड पासवर्ड’ येतो, आणि तोच पासवर्ड मी सेव्हन-झिपमध्ये हाताने टाकला की फाइल लगेच उघडते, हे तर मला अजिबात झेपत नाहीये. तिसरं म्हणजे अपलोडच्या स्क्रीनवर चुकीचा पासवर्ड टाकला की नेहमी नीट नकार येतो पण एकदा एका माणसाने चुकीचा टाकला तरी तो मान्य झाला आणि पुढे डिकॉम्प्रेस करताना झेडलिबचा (डिकॉम्प्रेस करणाऱ्या लायब्ररीचा) कसलातरी एरर येऊन रिक्वेस्ट मेली. आणि मोठ्या फाइल्स भयंकर हळू उघडतात, ३०० एमबीची फाइल असेल तर जॉब बराच वेळ नुसता सीपीयू खात बसतो.

टीममधले एक जण म्हणतात की हे सगळं सोड, कोडमधून सरळ सेव्हन-झिपची कमांड चालव. मला ते बरं वाटत नाहीये पण का बरं वाटत नाहीये ते सांगता येत नाही. तुम्ही लोक हे कसं करता?


गाठसोड

ताई, तुमचे हे चार वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत आणि चारही ‘पासवर्ड चालत नाही’ याच एका वाक्यात येतात, म्हणून डोकं फिरतं. पासवर्डला हात लावायच्या आधी कुलूप कुठलं आहे ते बघायचं. झिपवर दोन निरनिराळी कुलपं असतात, बाहेरून दोन्ही फाइल्स सारख्याच दिसतात, नावाला दोन्ही डॉट झिपच.

एक जुनं, त्याला झिपक्रिप्टो म्हणतात, झिप आणणाऱ्या पीकेवेअर कंपनीच्या काळापासूनचं. दुसरं एईएसवालं, म्हणजे आजच्या मजबूत एन्क्रिप्शन पद्धतीचं, ते विनझिपने नंतर आणलं. पायथॉनच्या सोबतच्या झिपफाइलला फक्त जुनं कुलूप उघडता येतं. तुम्ही टेस्टला जी झिप बनवली ती बहुतेक जुन्या कुलपाची होती, म्हणून चालली.

आता तो ‘कॉम्प्रेशन पद्धत’वाला एरर. झिपच्या हेडरमध्ये कॉम्प्रेशनची पद्धत सांगणारा एक आकडा असतो, ० म्हणजे न दाबता ठेवलेली, ८ म्हणजे डिफ्लेट, झिपची नेहमीची दाबायची पद्धत. एईएस आणलं तेव्हा त्या जागी ९९ लिहायचं ठरलं आणि खरी पद्धत बाजूच्या एक्स्ट्रा फील्डमध्ये ठेवली. जुन्या प्रोग्रॅमला ९९ कळत नाही, तो म्हणतो ही पद्धत मला येत नाही. म्हणजे एरर खोटा नाहीये पण त्यातून माणसाला एन्क्रिप्शनचा पत्ताच लागत नाही, आणि तो कॉम्प्रेशनच्या मागे लागतो.

स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ती फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा आणि पहिले दहा बाइट्स वाचा. सुरुवातीला ५०, ४बी, ०३, ०४ दिसेल, हे प्रत्येक झिपला असतं, पहिले दोन म्हणजे पी आणि के. पुढचे दोन बाइट व्हर्जनचे. त्याच्या पुढचे दोन फ्लॅगचे, त्यातला अगदी खालचा बिट १ असेल तर ही फाइल एन्क्रिप्टेड आहे. आणि त्यानंतरचे दोन पद्धतीचे. तिथे ०८ ०० दिसलं तर जुनं कुलूप, ६३ ०० दिसलं तर एईएस, कारण हेक्समधला ६३ म्हणजे आपला ९९. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, नुसत्या दहा बाइट्समध्ये कळतं की पुढे काय करायचं.

कोडमध्ये हे अजून सोपं आहे. फाइल्सची यादी काढायला पासवर्ड लागतच नाही, इन्फोलिस्ट मागा, प्रत्येक एंट्रीचे फ्लॅग बिट्स आणि कॉम्प्रेस टाइप बघा, ते लॉगमध्ये लिहा आणि मग पुढचा विचार करा. एकाच झिपमध्ये काही फाइल्स एन्क्रिप्टेड आणि काही उघड्या असंही असू शकतं, कारण झिपमध्ये कुलूप पूर्ण डब्याला नसतं, प्रत्येक एंट्रीला वेगळं असतं. पासवर्डसुद्धा वेगवेगळे असू शकतात. त्यामुळे पहिली एंट्री उघडली म्हणजे सगळी उघडली असं धरू नका.

उपाय म्हणजे पायझिपर नावाची लायब्ररी घाला. ती पायथॉनच्याच झिपफाइलवरून बनवलेली आहे, वापरायची पद्धत तीच, फक्त झिपफाइलच्या जागी एईएसझिपफाइल क्लास घ्यायचा, दोन्ही कुलपं उघडते. हळू चालण्याचं कारणही इथेच आहे, पायथॉनमध्ये जुन्या कुलपाचं डिक्रिप्शन सीमध्ये नाही तर शुद्ध पायथॉनमध्ये लिहिलंय, एकेक बाइट लूपमध्ये फिरतो, त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की हे अतिशय हळू आहे. पायझिपरमध्ये एईएसचं काम सीमध्ये लिहिलेली क्रिप्टो लायब्ररी करते म्हणून नवं कुलूप मजबूत असूनही लवकर उघडतं. जुन्या कुलपाच्या मोठ्या फाइल्स मात्र तिथेही तशाच रांगतील.


उंबरठा

बघितलं! ‘नॉट इम्प्लिमेंटेड’वाली फाइल उघडली आणि अगदी तुम्ही म्हणालात तसंच, ५० ४बी ०३ ०४, मग ३३ ००, ०१ ००, आणि मग ६३ ००. तो ३३ व्हर्जनचा असेल ना? पायझिपर घातली, दोन ओळी बदलल्या, त्या ठिकाणच्या सगळ्या फाइल्स उघडल्या. दोन दिवस मी कॉम्प्रेशन लेव्हल बदलून पाठवा असे मेल लिहीत बसले होते त्यांना.

पण दुसरी फाइल अजून तशीच आहे. ती जुन्या कुलपाची आहे, ०८ ०० दिसतंय, म्हणजे झिपफाइलला यायला हवी, पायझिपरनेही बघितलं, दोन्हीकडे ‘बॅड पासवर्ड’. पासवर्ड मी शंभर वेळा ताडून बघितला.


गाठसोड

हो, ३३ म्हणजे ५१, म्हणजे उघडणाऱ्याला झिपचं ५.१ व्हर्जन समजायला हवं असं सांगणारा आकडा. दुसऱ्या फाइलचा पासवर्ड कोडमध्ये कुठून येतो ते सांगा, हाताने लिहिलेला आहे का कुठून वाचता?


निशाचर

मी सांगतो, कारण याच गोष्टीने माझी एक अख्खी रात्र गेलीये. पासवर्ड छापू नका, त्याची लांबी छापा. बाइट्समध्ये बदलल्यानंतरची लांबी. आणि शेवटच्या बाइटचा आकडा.

होतं काय की पासवर्ड एखाद्या सिक्रेट फाइलमध्ये ठेवलेला असतो, ती फाइल एको कमांडने नाहीतर एडिटरने बनवलेली असते, आणि दोन्हीकडे शेवटी एक न्यूलाइन गुपचूप येऊन बसते. कोड पूर्ण फाइल वाचतो, न्यूलाइनसकट पासवर्ड लायब्ररीला देतो, लायब्ररी बिचारी दिलेले सगळे बाइट्स इमानदारीत वापरते. डोळ्यांनी बघून हे कधीच कळत नाही कारण स्क्रीनवर न्यूलाइन दिसत नाही, ताडून बघितलं तरी सारखंच दिसतं. विंडोजवर बनवलेली फाइल असेल तर दोन बाइट जास्त, १३ आणि १०.

मेलमधून कॉपी केलेल्या पासवर्डचं दुखणं वेगळं. मधली आडवी रेघ मेल लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने लांब रेघ करून टाकलेली असते, सरळ अवतरण चिन्ह वाकडं झालेलं असतं, कधी साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस असते. यात लांबी नेहमीपेक्षा जास्त येते कारण ही चिन्हं यूटीएफ-८मध्ये दोन-तीन बाइट्सची होतात, म्हणून लांबी छापली की लगेच संशय येतो.

आणि एक मनापासून सांगतो, सरसकट दोन्हीकडून स्ट्रिप करू नका. काही लोक खरंच शेवटी स्पेस असलेला पासवर्ड ठेवतात. फक्त शेवटचं न्यूलाइन काढा, आणि तेही फक्त फाइलमधून वाचताना. स्क्रीनवर टाइप केलेल्याला हात लावू नका.


उंबरठा

१३ आली. पासवर्ड १२ अक्षरांचा आहे. शेवटचा बाइट १०.

काय बोलू, निशाचर दादा. खरंच मनापासून आभार. सिक्रेट फाइल मीच बनवली होती, एको करून.


मोकळीक

पासवर्डची गोष्ट निघालीच आहे तर मराठीत पासवर्ड ठेवणाऱ्यांसाठी लिहितो, हा प्रकार मला फार जवळून माहीत आहे. झिपच्या जुन्या कुलपात पासवर्ड म्हणजे नुसते बाइट्स, ते कुठल्या एन्कोडिंगचे आहेत ते फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅमने यूटीएफ-८ वापरलं आणि तुम्हीही तेच वापरलं तर जमलं, नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही कुलूप उघडणार नाही. सेव्हनझेडमध्ये, म्हणजे सेव्हन-झिपच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये, ही अडचण नाही, तिथे पासवर्ड यूटीएफ-१६मध्ये घ्यायचा हे ठरलेलं आहे.

पण एन्कोडिंग जुळलं तरी देवनागरीत एक खोल खड्डा आहे. समजा पासवर्ड ‘दोऱ्या’ आहे. यातला ऱ्य तीन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोडमध्ये ०९३१, ते आणि हलन्त. दुसरीकडे साधा र आणि खाली नुक्ता, मग हलन्त. तिसरीकडे र, हलन्त आणि मध्ये तो न दिसणारा जोडणारा, झेडडब्ल्यूजे. स्क्रीनवर तिन्ही सारखे दिसतात आणि बाइट्स तीन वेगळे. पहिले दोन युनिकोड नॉर्मलायझेशन केलं, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणली, एनएफसी रूप घेतलं, की एक होतात. तिसरा नाही होत. आम्ही शेवटी असं केलं, टाइप केलेला पासवर्ड आधी जसाच्या तसा वापरून बघायचा, नाही चालला तर एनएफसी करून एकदा, बस. आंधळेपणाने दहा-वीस रूपं करून बघत बसू नका, का नको ते गाठसोड यांनी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं की कळेल.


गाठसोड

हो, तिसरा प्रश्न राहिलाच होता, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

जुन्या कुलपात प्रत्येक एन्क्रिप्टेड एंट्रीच्या आधी १२ बाइट्सचं एक छोटं हेडर असतं, तेही एन्क्रिप्टेडच. पासवर्ड लावून ते उलगडायचं आणि शेवटचा एक बाइट, एकच, सीआरसीच्या (मूळ मजकुरावरून काढलेल्या तपासणीच्या आकड्याच्या) वरच्या बाइटशी जुळतो का ते बघायचं. स्ट्रीम करून लिहिलेली झिप असेल तर सीआरसीच्या जागी फाइलच्या वेळेचा बाइट. पासवर्ड बरोबर आहे की नाही हे सुरुवातीला तपासायची तेवढीच सोय आहे. आता एका बाइटच्या किमती किती, २५६. म्हणजे चुकीचा पासवर्डसुद्धा २५६ मध्ये साधारण एकदा तपासणीतून पार होतो. तुमच्या त्या माणसाचा तसाच पार झाला, मग पुढे कचरा बाहेर पडला, तो कचरा डिफ्लेटला दिला आणि झेडलिब म्हणालं हा डेटाच नाही. कधी झेडलिबही काही म्हणत नाही आणि अगदी शेवटी सीआरसी जुळत नाही. न दाबता ठेवलेली एंट्री असेल तर झेडलिब मध्ये येतच नाही, पूर्ण कचरा वाचून होतो आणि शेवटच्या क्षणी सीआरसी ओरडते.

एईएसमध्ये तपासणीला दोन बाइट्स आहेत, म्हणजे ६५५३६ मध्ये एकदा, आणि शेवटी १० बाइट्सचा ऑथेंटिकेशन कोड असतो तो मात्र फसत नाही.

म्हणून कोडमध्ये काय करायचं, तर एन्क्रिप्टेड एंट्रीसाठी हे सगळे एरर एकाच ठिकाणी पकडायचे, पासवर्डचा रनटाइम एरर, झेडलिबचा एरर, सीआरसीवाला बॅड-झिपफाइल, आणि माणसाला सांगायचं की पासवर्ड चुकीचा आहे किंवा फाइल खराब झाली आहे. ‘किंवा’ गाळू नका. खरंच आपल्याला माहीत नसतं. सेव्हन-झिपचा मेसेज कधी नीट वाचलाय का, तो म्हणतो एन्क्रिप्टेड फाइलमध्ये डेटा एरर, राँग पासवर्ड, आणि पुढे प्रश्नचिन्ह आहे. इतकी वर्षं हा फॉरमॅट हाताळणाऱ्या प्रोग्रॅमनेही तिथे प्रश्नचिन्ह ठेवलंय.

आणि मोकळीक म्हणाले त्याचं कारण हेच, दहा-वीस रूपं जुन्या कुलपावर चालवून बघितली तर प्रत्येक प्रयत्नाला २५६ मधला एक धोका वाढत जातो की भलताच पासवर्ड त्या एका बाइटच्या तपासणीतून पार होईल. जो काही पासवर्ड लागला असं वाटतंय त्याने एंट्री शेवटपर्यंत वाचून सीआरसी जुळेपर्यंत तो लागला असं म्हणायचं नाही.


कमांडलाइन

एवढं कशाला करायचं पण? सेव्हन-झिप सगळं उघडतं, झिप, सेव्हनझेड, रार, दोन्ही कुलपं. सबप्रोसेसने, म्हणजे कोडमधून बाहेरची कमांड म्हणून चालवा, ती संपताना देते तो एक्झिट कोड बघा, ० आला तर ठीक, नाहीतर फेल. आमचं असंच चालू आहे.


निशाचर

चालतं, मी नाही म्हणत नाही. पण मी ज्या रात्रीबद्दल लिहिलं ती याचीच रात्र होती, म्हणून सांगतो.

आमच्याकडेही सबप्रोसेसच होता. पासवर्ड असेल तर कमांडला जोडायचा, नसेल तर नाही जोडायचा. एके दिवशी पासवर्ड न लावता यायच्या त्या रांगेत कुणीतरी पासवर्ड लावलेली फाइल टाकली. सेव्हन-झिपने काय केलं, त्याने पासवर्ड विचारला. टर्मिनलवर माणूस बसलाय असं समजून तो थांबला, स्टँडर्ड इनपुट उघडं होतं त्यामुळे तो थांबूनच राहिला, ना एरर, ना एक्झिट कोड, लॉगमध्ये एक ओळ नाही. मागे सगळी रांग तुंबली. टाइमआउट लावलेला नव्हता. सकाळी लोक विचारायला लागले तेव्हा कळलं, आणि कारण सापडेपर्यंत पुढची रात्र गेली.

त्यामुळे चालवायचंच असेल तर स्टँडर्ड इनपुट बंद करून चालवा आणि टाइमआउट लावाच. शिवाय कमांडला जोडलेला पासवर्ड प्रोसेसच्या यादीत दिसतो, त्याच मशीनवर दुसऱ्या कुणी पीएस मारलं तर उघडा वाचता येतो, आणि सबप्रोसेस फेल झाला की बरेच जण पूर्ण कमांड लॉगमध्ये लिहितात, पासवर्डसकट. हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय. उंबरठा ताईंना जे बरं वाटत नव्हतं ते बहुतेक हेच.

एक्झिट कोडचंही सांगतो, २ म्हणजे काहीतरी गंभीर चुकलं एवढंच कळतं, पासवर्ड चुकला की डेटा खराब ते मेसेज वाचूनच ठरवावं लागतं, आणि मेसेजवर कोड अवलंबून ठेवला की व्हर्जन बदलल्यावर कधी मोडेल सांगता येत नाही.


कमांडलाइन

प्रोसेसच्या यादीतलं लक्षातच आलं नव्हतं. आजच बघतो आमच्याकडे. थँक्स.


जावावाला

जावातल्या लोकांसाठी लिहून ठेवतो, कारण असंच शोधत कुणीतरी इथे येईल. जावाच्या सोबतच्या युटिल झिपमध्ये एन्क्रिप्शनला सपोर्टच नाही, जुनं कुलूपही नाही, सरळ ‘एन्क्रिप्टेड झिप एंट्री नॉट सपोर्टेड’ म्हणून एक्सेप्शन येतं. गो भाषेच्या सोबतच्या झिप पॅकेजचीही तीच गत. कॉमन्स कॉम्प्रेस या जावाच्या लायब्ररीने पासवर्डवाली सेव्हनझेड वाचता येते पण पासवर्डवाली झिप नाही, हे लोक फार वेळा उलटं धरून चालतात. झिपसाठी झिप-फोर-जे ही लायब्ररी घ्या, दोन्ही कुलपं येतात, पासवर्ड कॅरेक्टर ॲरेमध्ये देता येतो म्हणजे काम झाल्यावर पुसून टाकता येतो, आणि एक्सेप्शनमध्ये पासवर्ड चुकल्याचा वेगळा प्रकार असतो.

आणि एक गोष्ट जी पासवर्डच्या नादात हमखास विसरली जाते. झिपमधल्या एंट्रीचं नाव हे पाठवणाऱ्याने लिहिलेलं असतं आणि त्यात दोन टिंबं आणि स्लॅश असं काहीही असू शकतं. तसं नाव जसंच्या तसं फोल्डरला जोडून लिहिलं तर फाइल तुमच्या फोल्डरच्या बाहेर जाऊन दुसऱ्या कशावर तरी बसते. याला झिप स्लिप म्हणतात, २०१८ मध्ये याचा बराच गाजावाजा झाला कारण खूप लायब्ऱ्यांमध्ये आणि त्याहून जास्त लोकांच्या स्वतःच्या कोडमध्ये हे सापडलं. पायथॉनचं एक्स्ट्रॅक्ट अशी टिंबं काढून टाकतं, पण जावात स्वतः एंट्री फिरवून लिहीत असाल तर पूर्ण पाथ नॉर्मलाइज करून तो आपल्या फोल्डरच्या आतच आहे का ते तपासायचं, प्रत्येक एंट्रीला. पासवर्ड आहे म्हणजे फाइल विश्वासू माणसाकडून आली असं काही नसतं, पासवर्ड लावायला कुणाचीच मनाई नाही.


मोकळीक

जावावाला यांच्या बोलण्याला जोडून. फाइल उघडल्यावर कोड काय करतो इकडे कुणी बघतच नाही. पासवर्ड लावलाय म्हणजे आतला मजकूर कुणासाठीतरी नाजूक आहे, कुणाचे पगार असतील, कुणाचे रिपोर्ट असतील, आणि आपण काय करतो तर सगळं टेम्प फोल्डरमध्ये उघडं करून ठेवतो, सीएसव्ही वाचतो, आणि मध्येच एक्सेप्शन आलं की ते उघडं तसंच पडून राहतं. मला हे बघवत नाही. सीएसव्ही असेल तर डिस्कवर उतरवायचीच गरज नाही, एंट्री ओपन केली की फाइलसारखा ऑब्जेक्ट मिळतो, त्यातून थेट ओळी वाचा. डिस्कवर लिहावंच लागलं तर फक्त आपल्या युजरला वाचता येईल असा फोल्डर करा आणि पुसायचं काम फायनलीमध्ये, म्हणजे एरर आला तरी चालणाऱ्या भागात ठेवा, जॉबच्या शेवटी नको.

थेट वाचताना मात्र एक पथ्य पाळा. एईएसमधला तो १० बाइट्सचा कोड एंट्रीच्या शेवटी असतो, म्हणजे शेवटचा बाइट वाचेपर्यंत मजकूर कुणी मध्ये बदललाय का ते कळत नाही. वाचता वाचता ओळी डेटाबेसमध्ये भरायच्या असतील तर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये भरा आणि एंट्री पूर्ण वाचून झाल्यावरच कमिट करा. जुन्या कुलपात तर तेवढीही हमी नाही, सीआरसी ही चुकून झालेली मोडतोड ओळखायला आहे, मुद्दाम केलेला बदल ओळखायला नाही.

किती बाइट्स बाहेर येतायत ते स्वतः मोजा आणि मर्यादा ओलांडली की थांबा, हेडरमध्ये लिहिलेल्या साइझवर विसंबू नका. डिफ्लेटमध्ये एका थरात साधारण १०३२ पटीपर्यंत फुगवता येतं, आणि झिपमध्ये झिप ठेवली तर त्याला अंत नाही, ४२ केबीची ती प्रसिद्ध फाइल थर उलगडत गेलं तर ४.५ पेटाबाइट होते. व्हायरस स्कॅनरला पासवर्डच्या आतलं दिसत नाही हेही लक्षात घ्या, स्कॅन करायचं असेल तर उघडल्यावर करायला हवं.

शेवटचं, जुन्या कुलपाच्या फाइल्स ज्यांच्याकडून येतात त्यांना सांगा हो एईएस लावायला. बिहाम आणि कोचर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलंय की आतल्या मजकुराचा छोटासा तुकडा आधीच माहीत असेल तर पासवर्ड न शोधताही हे कुलूप उघडतं. आजच्या टूल्सना सलग ८ धरून एकूण १२ बाइट्स पुरतात. न दाबता ठेवलेली पीएनजी असेल तर तिची सुरुवात सगळ्या जगाला माहीत असते. लोक जुनं कुलूप का लावतात ते मला कळतं, विंडोजच्या जुन्या एक्सप्लोररमध्ये एईएसवाली झिप उघडत नाही, समोरच्याला त्रास नको म्हणून. पण तुमच्याकडे तर फाइल कोड उघडणार आहे, एक्सप्लोरर नाही. आणि एईएस लावलं तरी झिपमधली फाइल्सची नावं आणि साइझ पासवर्डशिवाय दिसतात, तुम्ही स्वतःच इन्फोलिस्ट पासवर्ड न देता काढली ना, तशीच. नावात कुणाचं नाव-गाव नको म्हणावं. नावंही लपवायची असतील तर सेव्हनझेडमध्ये हेडर एन्क्रिप्ट करायची सोय आहे.


उंबरठा

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. आतापर्यंत हे केलं, पायझिपर घातली, प्रत्येक एंट्रीचा फ्लॅग आणि पद्धत लॉगला जाते, पासवर्ड जात नाही, फक्त लांबी. सिक्रेट वाचताना शेवटचं न्यूलाइन काढते. तिन्ही एरर एका ठिकाणी पकडून मेसेज ‘पासवर्ड चुकीचा आहे किंवा फाइल खराब आहे’ असा केला, प्रोजेक्टवाल्यांनी ‘किंवा’ काढायला सांगितलं होतं, मी २५६चा हिशोब दाखवला तर ठेवू दिला. टेम्प फोल्डर पूर्ण काढून टाकला, उघडून बघितला तेव्हा त्यात मागच्या कित्येक फेल झालेल्या रात्रींच्या सीएसव्ही पडलेल्या होत्या, नावांसकट, आकड्यांसकट. मोकळीक, ते बघून मला खरंच वाईट वाटलं. आधी त्या सगळ्या पुसल्या आणि मग बाकीचं काम केलं.

जुन्या कुलपाच्या तीन ठिकाणांना मेल केलाय, एकाने आजच एईएसवाली पाठवली, ३०० एमबीची तीच फाइल आता पाणी पिऊन येईपर्यंत उघडते.

एकच राहिलं, एका ठिकाणाहून रार येते. तिचं काय करू?


गाठसोड

रारला वेगळा रस्ता आहे. तिचं कॉम्प्रेशन मालकीचं आहे, उघडायचा अनरारचा सोर्स मिळतो पण त्यावरून रार बनवणारा प्रोग्रॅम लिहायला लायसन्सची मनाई आहे, म्हणून पायथॉनमधल्या रारच्या बऱ्याच लायब्ऱ्या आतून बाहेरचा अनरार किंवा तसलाच दुसरा प्रोग्रॅम चालवतात. म्हणजे निशाचरने लिहिलेलं सगळं, स्टँडर्ड इनपुट, टाइमआउट, प्रोसेसची यादी, तुम्हाला तिथे लागू होतं. त्या ठिकाणाला झिप नाहीतर सेव्हनझेड पाठवायला सांगून बघा आधी. सेव्हनझेड आली तर पाय-सेव्हनझेडआर ही लायब्ररी घ्या, आणि तिथे उघडायला सुरुवातीला क्षणभर थांबल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, पासवर्डपासून किल्ली बनवताना साधारणपणे ५२४२८८ वेळा हॅश फिरवला जातो, ते मुद्दाम आहे.